स्वतःचा धनी कोण?



कळंबच्या नाक्यावर मजुरी खिशात पडली आणि दोस्ताने गुत्त्याकडे खूण केली, तर तुमचे पाय कोणाचे ऐकतील? २० मार्च १९२७ रोजी महाडला आपण पाण्याचा हक्क बजावला. तेव्हा अडवणारे बाहेरचे होते. दारूकडे ओढणारा मात्र आपल्याच आत आहे. त्याच्याशी सत्याग्रह ज्याचा त्यानेच करायचा.

पंचशील घेताना आपण ‘सिक्खापदं समादियामि’ म्हणतो. हा कोणाचा हुकूम नव्हे. शिकण्याचा नियम मी आपखुशीने घेतो, असा त्याचा अर्थ. म्हणून एकदा पाय घसरला तर शील संपले असे समजू नका, सबबही शोधू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. मजुरी सबंध घरी पोचेल, तो दिवस तुमचा.

जयभीम!