एका ॲम्प्यूलचा हिशोब

तळेगाव दाभाड्याला जुना मुंबई-पुणे महामार्ग खेटून जातो, द्रुतगती मार्गही हाकेच्या अंतरावर आहे आणि चाकणचा रस्ता कंटेनरांनी दिवसरात्र भरलेला असतो. या टापूत अपघात झाला किंवा कारखान्यात कुणाचा हात यंत्रात सापडला, की १०८ला फोन जातो. २०१४ साली राज्यात ही सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी उभी राहिली; त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक प्रकारच्या. गाडी किती मिनिटांत पोचली यावर आपण सेवेची परीक्षा करतो. औषधांच्या पेटीत काय आहे हे मात्र ती उघडल्यावरच कळते. हृदय थांबलेल्या माणसाला ॲड्रेनलीन हवे असते तेव्हा उरलेली पेटी काठोकाठ भरलेली असून उपयोग नसतो. म्हणून ड्यूटी बदलताना ॲम्प्यूल मोजायच्या, मुदत पाहायची, वापरलेले भरून घ्यायचे, नंबर असलेले सील लावायचे आणि सही करायची. याला सगळे कारकुनी म्हणतात. माझ्या मते हे नीतीच्या गाभ्यातले काम आहे, कारण जो माणूस अजून रुग्ण झालेलाच नाही त्याच्याविषयीचे कर्तव्य पाळायची दुसरी वाट आपल्याकडे नाही.

समोर विव्हळणाऱ्याविषयी करुणा वाटायला फारशी साधना लागत नाही. उद्या पहाटे कुठल्या वळणावर कोण पडणार आहे, हे आज कुणालाच ठाऊक नाही. त्याला चेहरा नाही, त्यामुळे त्याची दयाही येत नाही. त्याच्या वतीने आज बोलू शकते ती फक्त नोंदवही. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हिशोबात एका पैची चूक शोधत एकनाथांनी रात्र जागवली, ही आख्यायिका घरोघरी सांगतात. एवढे चित्त देवाकडे लावलेस तर, असे गुरू म्हणाले, आणि कीर्तनकार तिथून एकाग्रतेकडे वळतात. मला त्या पैपाशीच थांबावेसे वाटते. ती क्षुल्लक आहे म्हणून एकनाथांनी सोडली नाही, आणि गुरूंनीही हिशोब फुकट गेला असे म्हटले नाही. चित्त कुठेही लावता येईल असे घडले, ते त्या पैच्या पाठलागातच.

यावर पहिला आक्षेप स्वाभिमानाचा आहे. रक्तात हात घालून जीव वाचवणाऱ्यांकडून दोन-दोन सह्या घेणे म्हणजे त्यांना चोर समजणे नव्हे काय? मॉर्फीनच्या ॲम्प्यूलमधून रुग्णाला थोडेच दिले, तर उरलेले साक्षीदारासमोर टाकून दोघांनी सही करायची, हा नियम म्हणूनच खुपतो. पण अमेरिकेतल्या एक्सेटर रुग्णालयातले प्रकरण २०१२ साली उघडकीस आले ते आठवावे. तिथला एक तंत्रज्ञ फेंटानिलच्या सिरिंज स्वतःसाठी वापरून त्यांत सलाइन भरून ठेवत होता. त्यातून अनेक रुग्णांना हेपटायटिस सी झाला. तो माणूस व्यसनाच्या विळख्यात होता, आणि व्यसन काही चारित्र्याचा दाखला पाहून जडत नाही. शिवाय नोंद नसते तिथे संशय थांबत नाही. तो सगळ्यांत खालच्या माणसावर जाऊन बसतो, बहुतेक वेळा चालकावर. दुसरी सही त्याची ढाल असते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो मला अर्धा मान्य आहे. आपल्याच देशात मोजणीने माणसे तडफडली आहेत. १९८५च्या अंमली पदार्थ कायद्याने परवान्यांची साखळी आणि तुरुंगाची धास्ती अशी बसवली की पुढच्या दशकात मॉर्फीनचा वैद्यकीय वापर झपाट्याने घसरला. मध्य प्रदेश आणि राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकत होती, आणि कर्करोगाचे रुग्ण वेदनेत मरत होते. रुग्णालयांनी हिशोब नीट ठेवला नाही असे नव्हे; हिशोबाच्या भीतीने औषध ठेवणेच सोडले. २०१४च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच यंत्रणेची मान्यता पुरेशी केली, आणि २०१५मध्ये मॉर्फीन, फेंटानिलसह सहा औषधे अत्यावश्यक म्हणून अधिसूचित झाली. हिशोब मात्र राहिलाच, आणि राहायलाच हवा. ज्या मोजणीचा हेतू औषध रुग्णापर्यंत पोचावे हा नसून कपाट बंद राहावे हा असतो, ती मोजणी अनैतिक आहे, मग तिचे आकडे कितीही जुळोत.

तरीही कुणी म्हणेल, संतांनी वह्या बुडवल्या. चाकणच्या रस्त्याला इंदोरीजवळ भंडारा डोंगर आहे. तिथे बसणाऱ्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत टाकली असे परंपरा सांगते. पण ती खते लोकांकडून येणे असलेल्या पैशांची होती. आपल्याला जे सोडता येते ते येणे. देणे सोडायचा अधिकार आपला नव्हे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, तेही योग्यच. मात्र त्या कथेतला विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बिदरला जाऊन धान्याची किंमत चुकती करतो आणि पावती घेतो. साक्षात देवही चमत्कारावर भागवत नाही, रीतसर पावती करतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रस्त्यावर पेटी उघडताना फॉर्म शोधत बसू नये. आधी इंजेक्शन, नोंद मागाहून, पण त्याच पाळीत.

या कर्तव्याचा भार एकट्या गाडीवरच्या माणसांवर टाकणे मात्र अन्याय आहे. बारा तासांच्या पाळीनंतर मोजायला अर्धा तास हवा, आणि तो पगारी हवा. उन्हाळ्यात पत्रा तापतो तेव्हा दोन ते आठ अंशांत ठेवायच्या ऑक्सिटोसिनला चालू फ्रीज हवा. रजिस्टरात ‘शिल्लक शून्य’ लिहिले गेले, की ते वाचून भांडाराने त्याच दिवशी माल पाठवणे, हीसुद्धा त्याच हिशोबातली सही आहे.