रात्रीच्या डाकेचा मार्ग

१९४९ साली, रफी अहमद किडवई केंद्रात दळणवळण मंत्री असताना, भारतात रात्रीची हवाई डाकसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपुरात उतरत. तिथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरी परतत. ती सेवा केव्हाच बंद झाली. पण घरच्या संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये त्या मार्गाने आजही विमान नेता येतं. ते जरूर न्यावं, कारण इतिहास समजून घेण्याची ती एक गंभीर रीत आहे असं मी मानतो.

नागपूर देशाच्या मध्यावर आहे म्हणून निवडलं, असं आपण वाचतो, ते पटतं आणि पान उलटतो. सिम्युलेटरमध्ये त्या सेवेतलं डकोटा विमान घेऊन बसलं की तेच उत्तर तासांत मोजावं लागतं. या विमानाचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर. मुंबईहून नागपूर हवाई अंतराने सुमारे ६८० किलोमीटर, म्हणजे पावणेतीन तास. दिल्लीहून ८५०, मद्रासहून ९००, कलकत्त्याहून ९८०, म्हणजे जवळपास चार तास. दिवसभराचं टपाल गोळा करून रात्री आठ-नऊला निघालं, तर बाराच्या सुमारास भेट होते आणि उजाडण्याआधी घर गाठता येतं. चार शहरांच्या सहाही जोड्या थेट जोडायच्या तर विमानं जास्त लागली असती, आणि मुंबईहून कलकत्त्याला नुसतं पोचायलाच साडेसहा तास गेले असते. मधल्या एका धावपट्टीने हा पेच सोडवला. अमेरिकेत फेडेक्सने मेम्फिसहून रात्रीच्या पार्सलांची अशीच रचना सुरू केली ती १९७३ साली.

हे उमगायला मात्र सिम्युलेटर जे देतो त्यातलं बरंच नाकारावं लागतं. जीपीएस बंद करायचं, नकाशावरची विमानाची खूण पुसायची. मग हाताशी उरतं होकायंत्र, घड्याळ आणि रेडिओ बीकनकडे वळणारी सुई. वाऱ्याने विमान किती सरकलं, हे अदमासानेच ठरवायचं. डकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, त्यामुळे आजच्या जेटसारखं उंच जाऊन पावसाळी ढग टाळता येत नाहीत. जुलैची रात्र निवडली तर सह्याद्रीवरच्या ढगांशी गाठ पडतेच. जुना काळ उभा करायचा तर त्या काळी जे कळत नव्हतं, तेही उभं करावं लागतं. सगळ्यांत अवघड तेच. पडद्यावरचं नागपूर आजच्या दिव्यांनी झगमगतं. १९४९चा अंधार ज्याचा त्याने कल्पनेने भरून घ्यायचा.

याला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी जेआरडी टाटांकडे पाहावं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला डाक आणली. १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, लेपर्ड मॉथ घेऊन ते त्याच मार्गाने पुन्हा एकटे आले. ज्याने तो प्रवास स्वतः घडवला, त्यालाही तो नुसता आठवून भागलं नाही.

अर्थात जेआरडींच्या त्या उड्डाणात जोखीम खरी होती, आपल्या उड्डाणात ती नसते. डिसेंबर १९५३मध्ये रात्रीच्या डाकसेवेचं एक डकोटा नागपूरहून उडताच कोसळलं आणि माणसं मेली. पडद्यावर इंजिन बंद पडलं तर आपण नव्याने सुरुवात करतो. हा फरक सतत मनात ठेवावा लागतो. तो सुटला की अभ्यासाची नुसती करमणूक होते.

एकट्याने विमान नेताना आणखी एक गोष्ट निसटते, ती म्हणजे वाट पाहणं. कलकत्त्याच्या विमानाला उशीर झाला तर बाकीच्या तिघांनी काय करायचं? थांबावं, तर मुंबईत सकाळची टपालवाटणी लांबते. निघावं, तर कलकत्त्याची पत्रं एक दिवस मागे पडतात. ही सेवा इंजिनांच्या बळावर जितकी चाले, तितकीच चौघांनी वेळ पाळण्यावर. म्हणून हा मार्ग चौघांनी मिळून पुन्हा उभा करावा. इंटरनेटवरून वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांना एकाच आकाशात उडता येतं. नागपूरच्या एखाद्या महाविद्यालयाने इतिहासाच्या आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांना चार संगणकांवर बसवावं, एकेकाला एकेक शहर द्यावं आणि मध्यरात्री भेटायला सांगावं. कोणाला उशीर झाला, बाकीचे किती थांबले, शेवटी निघायचं कोणी ठरवलं, याची नोंद त्यांनी लिहून काढावी. वेळापत्रक म्हणजे चार शहरांनी एकमेकांना दिलेलं वचन असतं, हे त्यांना त्या एका रात्रीत जितकं कळेल, तितकं कुठल्याही तासाला शिकवून कळणार नाही.