चौथी सीट

नीतिशास्त्रावर ज्यांनी ज्यांनी मोठे ग्रंथ लिहिले, त्यांपैकी एकानेही संध्याकाळची कल्याण फास्ट पकडलेली नव्हती, असं माझं ठाम मत आहे. कांट नावाचे एक थोर जर्मन तत्त्वज्ञ होऊन गेले. जन्मभर आपल्या गावाच्या आसपासच राहिले. रोज ठरल्या वेळी फिरायला निघत आणि त्यांच्यावरून लोक घड्याळं लावत, असं सांगतात. माणसाने नेहमी असं वागावं, की उद्या सगळ्या जगाने तसंच वागायचं ठरवलं तरी बिघडू नये, हा त्यांचा सिद्धान्त. सिद्धान्त उत्तमच आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्यांना एकदा संध्याकाळी साडेसहाला कुर्ल्याच्या प्लॅटफॉर्मवर उभं करायला हवं होतं.

तिथे त्यांना काय दिसलं असतं? गाडी येते. दाराशी लोंबकळणारा एक गृहस्थ आत पाहून ओरडत असतो, "अहो, आत चला ना! मध्ये एवढी जागा आहे, माणसांना चढू द्या की!" अगदी खरी, अंतःकरणापासूनची कळकळ. माणसामाणसांतल्या बंधुभावावर याहून चांगलं भाषण मी ऐकलेलं नाही. गाडी सुटते, हा गृहस्थ रेटारेटीत चार फूट आत सरकतो. घाटकोपर येतं. दाराशी दुसरा कुणी तेच भाषण सुरू करतो आणि आमचा गृहस्थ आतून ओरडतो, "कुठे आहे जागा? डोक्यावर बसवू का?" माणूस तोच आणि डबाही तोच. फक्त चार फुटांचा फरक पडला. माणसाची तत्त्वं किती फुटांवर बदलतात याचं माप इतक्या अचूकपणे दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही.

पण मला आज बोलायचं आहे ते चौथ्या सीटबद्दल.

ज्यांनी मुंबईची लोकल पाहिलेली नाही (असे भाग्यवान असतीलच) त्यांच्यासाठी सांगतो. सेकंड क्लासचं बाक तिघांसाठी असतं. पहिला खिडकीशी, म्हणजे गाडीतला जहागीरदार. दुसरा मधला; त्याला वारा नाही, पण स्थैर्य आहे. तिसरा कडेचा. आणि या तिसऱ्याच्या पलीकडे जे काही उरतं, किंवा खरं म्हणजे उरत नाही, ती चौथी सीट. ती रेल्वेने दिलेली नाही. ती असते का, तर नसते. तीन माणसांनी तीन-तीन इंच अंग चोरलं, की ती निर्माण होते; चौथा उठला की नाहीशी होते. साधारण नऊ इंचांची ही मालमत्ता. तिच्यावर माणूस अर्धा बसतो आणि अर्धा अधांतरी राहतो. एक पाय मार्गात रोवून तोल सांभाळायचा आणि वर कृतज्ञ दिसायचं.

ही सीट मागण्याचे शब्दसुद्धा ठरलेले आहेत. "जरा सरकता का?" त्यात अर्ज नाही आणि हुकूमही नाही. ज्याला विचारायचं तो नेहमी तिसरा. तो सरकला, की उरलेले दोघे कुरकुरत का होईना, सरकतात. म्हणजे आख्ख्या बाकाची नीतिमत्ता त्या तिसऱ्याच्या हातात असते. म्हणजे नेमकी हातात नव्हे, पण आपण सभ्य माणसं आहोत.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी गेली. चौदा डबे आणि चारशेच्या आसपास पाहुणे. मी हिशेब केला आहे: डब्याला अठ्ठावीस-एकोणतीस माणसं. त्या दिवशी वाफ, शिट्टी, तोफांची सलामी सगळं झालं, पण "जरा सरकता का" हे वाक्य काही कुणी उच्चारलं नसावं. ते आपण नंतर घडवलं. आता गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात आणि या अवस्थेला रेल्वेच्या भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असं भारदस्त नाव आहे. चौरस मीटर म्हणजे आमच्या घरच्या कॅरमबोर्डाहून जेमतेम मोठी जागा. कॅरमबोर्डावर एकोणीस सोंगट्या असतात हे खरं, पण त्यांच्याजवळ जेवणाचे डबे नसतात.

इतक्या गर्दीत रोज मारामाऱ्या व्हायला हव्यात. होतात, नाही असं नाही. पण हव्यात त्या मानाने फारच कमी होतात. उलट गाडीगाडीतून ग्रुप जमतात. कुठे भजन चालतं, कुठे ब्रीफकेस मांडीवर आडवी टाकून रमी. पुष्कळ ग्रुपांत एक न लिहिलेला कायदा असतो: ठाणं आलं, की बसलेल्यांनी उठायचं आणि उभे असलेल्यांनी बसायचं. कुणी शपथ घेतलेली नाही, की कुणी पाहायला येत नाही. बायकांच्या डब्याचा कायदा वेगळा. तिथे चढल्याबरोबर प्रत्येकीला "तू कुठे उतरणार?" असं विचारून सीट आधीच लावून ठेवतात. आमची ही अठ्ठावीस वर्षं त्या डब्यातून गेली. तिच्या मते जमिनीच्या सातबाऱ्याचे व्यवहारसुद्धा इतके चोख होत नाहीत.

मी मात्र कुठल्याच ग्रुपातला नव्हतो. मला भजन येत नाही आणि रमीत मी हरतो. त्यामुळे माझी नीतिमत्ता माझी मलाच सांभाळावी लागे. ती एकदा हातची निसटली, त्याची ही गोष्ट.

साल १९९३. व्ही.टी. तेव्हा अजून व्ही.टी.च होती. (१९९६ साली नाव बदललं, २०१७ साली त्यात भर पडली, पण आमच्या पिढीच्या तोंडून व्ही.टी. काही जात नाही.) त्या दिवशी सकाळी गाडी वीस मिनिटं लेट झाली होती आणि त्याबद्दल ऑफिसात मेमो मला मिळाला होता. गाडी लेट होते आणि मेमो प्रवाशाला मिळतो, हाही एक नीतिशास्त्रातला प्रश्नच आहे. पण तो पुन्हा कधीतरी. तर संध्याकाळी थांबायच्या आधीच गाडीत उडी टाकून मी बाकावरची तिसरी जागा पटकावली. घामाने थबथबलेला, डोकं ठणकत होतं आणि मनात साहेबाला द्यायची उत्तरं चालली होती. अशी उत्तरं नेहमी भायखळ्यानंतरच सुचतात.

घाटकोपरला एक गृहस्थ चढत. साठीच्या पुढचे, डोक्यावर काळी टोपी, हातात खाकी कापडाची पिशवी. घाटकोपरच्या एका दुकानात हिशेब लिहायचे, एवढं बोलण्यातून कळलं होतं. ते दिसले, की मी सरकायचा. ते बसायचे. "उपकार झाले" असं रोज म्हणायचे आणि मी रोज "अहो, उपकार कसले" असं म्हणायचा. या दोन वाक्यांवर आमची वर्षभराची ओळख उभी होती.

त्या दिवशी घाटकोपर आलं. गर्दीतून काळी टोपी पुढे सरकताना मला दिसली. आणि काय झालं कोण जाणे, मी डोळे मिटले.

दुष्टपणा म्हणाल तर मनात नव्हता. फक्त वाटलं, आज नको. आजच्या दिवस हे नऊ इंच माझे असू देत. मुंबईत झोपलेल्या माणसाला जागेसाठी कुणी उठवत नाही, हा दुसरा न लिहिलेला कायदा. मी पहिल्यातून सुटण्यासाठी दुसऱ्याचा आधार घेतला. चांगले वकील हेच करतात.

पण झोपेचं सोंग घेणं सोपं नाही. खरी झोप आपोआप लागते, खोटी मेहनतीने लावावी लागते. मान किती कलंडायची, तोंड किती उघडं ठेवायचं, श्वास कुठे लांबवायचा, सगळ्याचा विचार करावा लागतो. शिवाय सगळा प्रवास कानांनी. ठाणं गर्दीवरून कळलं. मग खाडीवरच्या पुलाचा खडखडाट. त्या काळी फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात. तिथे आवाज एकदम अंगावर आला. (२०२२ पासून त्यांना मुंब्र्याकडून नवी वाट मिळाली आहे.) बोगद्यात मला राहवलं नाही. मी एक डोळा सुतभर उघडला.

ते माझ्यासमोरच उभे होते. एका हाताने वरची कडी धरलेली. दुसऱ्या हाताने ती खाकी पिशवी छातीशी उचलून धरलेली. आधी ती माझ्या गुडघ्याला लागत होती, हे मला जाणवलं होतं. माझी झोप मोडू नये म्हणून त्यांनी ती उचलून घेतली होती.

मी डोळा मिटला. आता उघडायची चोरीच झाली होती.

दिवा गेलं. खांद्यावर हलकेच हात पडला. "साहेब, उठा. डोंबिवली आली. दमलेले दिसता."

आता एवढ्यावर तरी मी थांबावं! पण नाही. मी जांभई दिली, डोळे चोळले आणि म्हणालो, "अरे! डोळा कधी लागला कळलंच नाही बघा." म्हणजे तोवर फक्त पापण्या खोटं बोलल्या होत्या, त्यात आता तोंडाचीही भर घातली.

धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा आणि 'नरो वा कुंजरो वा' झाल्याबरोबर तो खाली टेकला, अशी कथा आहे. माझा रथ पहिल्यापासून रुळांवरच होता, त्यामुळे गाडी टेकल्याचं कुणाला कळलं नाही. धर्मराजासमोर निदान युद्ध तरी होतं. माझ्यासमोर नऊ इंच होते.

दुसऱ्या दिवशी मी घाटकोपर यायच्या आधीच उठून उभा राहिलो. "या, बसा," म्हटलं. अख्खी तिसरी सीट! ते बसायला तयार होईनात. "तुम्ही बसा हो. तुम्हाला झोप पाहिजे." हे साधेपणाने म्हणाले की टोमणा होता? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. रात्री हिला सांगितलं. ती म्हणाली, "विचारून टाकायचं होतं." पण काय विचारणार? 'काल मी तुम्हाला फसवलं, ते तुम्हाला कळलं होतं का?'

पुढे आठ-दहा महिन्यांनी ते दिसेनासे झाले. नोकरी सुटली, आजारी पडले की आणखी काही, कोण जाणे. एखाद्याची चौकशी करायची तर निदान नाव माहीत असावं लागतं. वर्षभर त्यांच्या मांडीला मांडी लावून मी प्रवास केला आणि मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून एक विचार मनात येतो. आमच्या वडिलांच्या गावी कुणी दारात आलं, की माणूस सरकून जागा देई. पण त्यात गावाचा धाकही असायचा. न दिली तर उद्या पारावर चर्चा. परवा आपल्याला गरज पडली, की तो बघून घेईल. शहरात पारही नाही आणि परवाही नाही. समोरचा पुन्हा भेटेलच असं नाही, आपण कोण हे त्याला ठाऊक नाही. तरीही रोज संध्याकाळी हजारो माणसं तीन-तीन इंच सरकतात. शहरात माणुसकी उरली नाही असं म्हणतात. मला तर वाटतं, माणसाच्या गाठी निखळ स्वतःची अशी किती माणुसकी आहे, हे नाव माहीत नसलेल्या माणसासमोरच कळतं. माझ्या गाठी त्या दिवशी किती होती, ते कळलं.

मी आता रिटायर झालो. बसण्यासाठी झोपेचं सोंग घ्यायची गरज आजकाल कुणाला पडत नाही. मोबाइलमुळे डोळे उघडे ठेवून झोपायची सोय झाली आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव जागा आहेत, पण तिथवर पोचायला ज्येष्ठ नागरिक असून चालत नाही.

गेल्या महिन्यात संध्याकाळी दादरहून निघालो. समोर तिसऱ्या सीटवर एक चोवीस-पंचविशीचा मुलगा. फोनवर सांगत होता, "आई, ठाण्याला उतरतो, वीस मिनिटांत घरी." फोन ठेवला, मान वर केली, माझे पांढरे केस पाहिले आणि डोळे मिटले.

सोंग कच्चं होतं. पापण्या थरथरत होत्या, मान फारच सरळ होती. या विषयातला मी जुना जाणकार. मला एका क्षणात कळलं. आणि त्याच क्षणी, कडी धरल्या धरल्या, मला दुसरंही कळलं. हे कुणालाही कळतं. समोर उभं राहिलं, की लख्ख दिसतं. म्हणजे त्या काळ्या टोपीवाल्या गृहस्थांनाही घाटकोपरपासून सगळं दिसत होतं. दिसत असूनही त्यांनी पिशवी उचलून धरली होती.

तीस वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो ते असं कुर्ल्याच्या पुढे अचानक मिळालं. खाली पाहिलं, तर माझी पिशवी त्या पोराच्या गुडघ्याला लागत होती. त्यात दोन किलो कांदे होते. उचलली.

ठाणं आलं तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळ, ऊठ. ठाणं आलं. दमलेला दिसतोस."

तो दचकून उठला. "अरे, डोळा लागला होता, काका. कळलंच नाही."

"चालायचंच," मी म्हणालो.

घरी आलो तो लंगडतच. हिने विचारलं, "बसायला मिळालं नाही वाटतं?" सगळी हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि तेलाची वाटी गरम करून आणली. म्हणाली, "तुमचं ऋण फिटलं, ते बरं झालं. पण पुढच्या वेळी त्याला सरकायला सांगा. ऋण तुमचं होतं, गुडघे काही त्या आजोबांचे नव्हते."