दार कोणत्या बाजूला उघडतं?

महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या माणसाला चित्रकलेचा विषय काढला, की एक तक्रार हमखास ऐकायला मिळते: 'चित्र चांगलं होतं हो, भूमितीत मार्क गेले.' स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे पेपर रंगात हात भरवून मजेत दिलेले असतात. मग येतो कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर. टोकदार पेन्सिल, कंपास, गुण्या आणि खाडाखोडीची धास्ती. इंटरमिजिएटला त्यात घनभूमितीही येते: शंकू समोरून कसा दिसतो, वरून कसा दिसतो. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे गणित आपल्या परीक्षेत चुकून शिरलंय असं वाटतं. पण पुढे चित्रपटाचे सेट, नाटकाचं नेपथ्य, प्रदर्शनांची मांडणी, फर्निचर, दागिने किंवा तयार कपडे यांपैकी कशावर पोट भरायची वेळ आली, तर ते बहुधा याच पेपरातल्या रेघांवर भरतं.

कलेचे व्यवसाय आणि मापाची रेघ यांचं नातं मराठी मुलखाला नवं नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे कोल्हापूरचे चित्रकार नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. पडद्यावरच्या राजवाड्याला जाडी लागत नाही. खांब रंगवायचा, त्यावर सावली चढवायची, मागच्या कमानी लहान लहान करत न्यायच्या, की प्रेक्षकाला दरबार दिसतो. पुढे बाबूराव सिनेमाकडे वळले. १९२० च्या 'सैरंध्री'च्या काळात त्यांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी उभारलेल्या, घन सेटांची वाट धरली, हे त्यांच्या मोठ्या कामांपैकी एक मानलं जातं. खांब खरोखर उभा करायचा म्हटल्याबरोबर प्रश्न बदलतात. तो किती जाड? कशाचा? आतून पोकळ असेल तर त्याला आधार कुठून? बाबूरावांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले आणि फत्तेलाल यांनी १९२९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर 'प्रभात' काढली. ती १९३३ मध्ये पुण्याला आली. तिच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे आणि तिथे कलादिग्दर्शनाचा अभ्यासक्रम चालतो. पडदा रंगवणं आणि सेट उभारणं या दोन कामांना दोन वेगळ्या प्रकारची चित्रं लागतात, हे या एका परंपरेत लख्ख दिसतं.

हा फरक युरोपात पंधराव्या शतकात आल्बेर्ती या इटालियन वास्तुकाराने शब्दांत मांडला होता. चित्रकार छायाप्रकाशाने उठाव आणतो, वास्तुकाराने मात्र तो मोह टाळून खऱ्या मापांचा आराखडा काढावा, असं त्याचं म्हणणं. गंमत अशी, की चित्रात खोली कशी आणायची याचे नियम पहिल्यांदा व्यवस्थित लिहून काढणारा माणूसही आल्बेर्तीच. भुलवायचं कसं हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्यानेच बांधकामाच्या चित्रात भुलवू नका असं बजावलं.

स्केचवर कुणी रागवायचं कारण नाही. निर्मात्याला पटवायला, दिग्दर्शकाच्या डोक्यातलं बाहेर काढायला स्केचच लागतं. पण स्केचला एक सवलत असते: जे ठरलेलं नाही ते त्याला झाकता येतं. कोपरा अंधारात न्यावा, जिना पडद्याआड वळवावा, काम भागतं. कामाच्या ड्रॉइंगला ही सवलत नाही. त्यात प्रत्येक रेघ कुठेतरी संपते आणि ती तिथेच का संपली, याचं उत्तर काढणाऱ्याकडे असावं लागतं. म्हणूनच नव्या मुलांना त्याचा कंटाळा येतो. तो कंटाळा रेघांचा कमी आणि इतके निर्णय घ्यायचे या कल्पनेचा जास्त असतो.

नाटकाच्या सेटमधलं साधं दार घ्या. स्केचमध्ये ते एक सुबक चौकट असते. प्लॅनमध्ये आलं, की ते आत उघडतं की बाहेर हे दाखवावं लागतं. रंगमंचावरचं दार बहुधा विंगेच्या बाजूला, म्हणजे प्रेक्षकांपासून दूर उघडतं आणि त्याच्या बिजागऱ्या मागच्या कडेला असतात, कारण मग उघडलेलं दारच मागची विंग थोडीफार झाकतं. तरीही दाराआड काय दिसणार हा प्रश्न उरतो. तिथे दुसऱ्या घराची भिंत असल्याचा भास हवा, तर आणखी एक फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचा सुटा तुकडा, लागतो. तो किती रुंद, हे पहिल्या रांगेतल्या अगदी कडेच्या खुर्चीतून नजरेची रेघ ओढल्याशिवाय कळत नाही. बाल्कनीतून नटाचं डोकं झालरीखाली कापलं जातं का, हे पाहायला उभा छेद काढावा लागतो. एका दारासाठी एवढं.

जिन्याचं त्याहून कठीण. मागच्या बाजूला २८ इंच उंचीची लेव्हल आहे आणि स्केचात दोन पायऱ्या छान दिसताहेत, असं समजा. छेद काढला की हिशेब बाहेर येतो: दोन पायऱ्या म्हणजे तीन चढ, प्रत्येक नऊ इंचांहून जास्त. नऊवारी नेसलेल्या, हातात चहाचा ट्रे घेतलेल्या नटीने त्या उतरायच्या! सात-सात इंचांचे चार चढ केले तर पायऱ्या तीन होतात. दहा इंचांची एक पायरी धरली तर त्या अडीच फूट जागा खातात, आणि अडीच फूट गेले की सोफा पुढे सरकतो, सोफा सरकला की नटांच्या हालचाली बदलतात. दिग्दर्शकाला हे तालमीत कळलेलं बरं. म्हणूनच तालमीच्या हॉलमध्ये प्लॅन पूर्ण मापात चिकटपट्टीने जमिनीवर आखतात.

व्यावसायिक मराठी नाटकाला आणखी एक अट असते, ती म्हणजे दौरा. आज दादरला प्रयोग, उद्या आणखी कुठे, आणि प्रत्येक नाट्यगृहाचा रंगमंच वेगळा. सेट सुटा होऊन गाडीत चढला पाहिजे आणि प्रयोगाआधीच्या थोड्या वेळात पुन्हा उभा राहिला पाहिजे. भिंत कुठे तुटणार हे नेपथ्यकाराने ड्रॉइंगमध्येच ठरवलेलं असेल, तर सांधा खिडकीच्या चौकटीआड लपतो. ठरवलेलं नसेल, तर सुतार त्याच्या सोयीने तोडतो आणि भेग बरोबर नायिकेच्या मागे येते.

आणि सुताराची भाषा ड्रॉइंग काढणाऱ्याला यावीच लागते. संगणकावर मिलिमीटरमध्ये काढलेलं माप वर्कशॉपमध्ये पोचतं, तिथे टेप फूट-इंचांचा आणि बोली सुताची. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. '९१४.४ मिमी' असं लिहिलेलं पाहून अनुभवी मिस्त्री मनात तीन फूट म्हणतो आणि ते लिहिणाऱ्याविषयी आणखीही काही म्हणतो. प्लायचा ताव आठ बाय चार फुटांचा मिळतो. भिंत चार फूट दोन इंच काढली, तर दोन इंचांच्या पट्टीसाठी नवा ताव फाडावा लागतो. ही माहिती कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मेनूत नसते.

सॉफ्टवेअरवर राग नको, पण शिकवण्याचा क्रम उलटा झाला आहे, हे म्हणायलाच हवं. ऑटोकॅड १९८२ मध्ये आलं, स्केचअप २००० मध्ये. त्यांनी हाताची मेहनत वाचवली, यात वाद नाही. मात्र आज कित्येक विद्यार्थी आधी त्रिमितीय मॉडेल फिरवायला शिकतात आणि मग त्यातून प्लॅन 'काढून घेतात'. अशा प्लॅनमध्ये सगळ्या रेघा एकाच जाडीच्या असतात. कापलेली भिंत कोणती आणि पलीकडे दिसणारी कड कोणती, हे वाचणाऱ्याने ओळखायचं. दीडशे मापं दिलेली असतात आणि नेमकं हवं असलेलं एक नसतं. मोजायचं काय आणि सोडायचं काय, हा विवेक यंत्राने अजून कुणाला दिलेला नाही.

त्याआधी मोजायला शिकायचं. वर्गाची खोली टेपने मोजावी, चारही भिंती लिहून घ्याव्यात आणि मग दोन कर्ण मोजावेत. ते सारखे आले नाहीत की कळतं, आपण काटकोनी समजत होतो ती खोली काटकोनी नाही. गवंडी आणि सुतार हे तीन-चार-पाचच्या मापाने रोज तपासतात. पायथागोरसचं नाव ठाऊक नसलं, तरी त्यांचं काम अडत नाही.

काही गोष्टी सरळ पाठच कराव्या लागतात. वस्तूची वेगवेगळ्या बाजूंनी दिसणारी चित्रं कागदावर कुठे मांडायची, यासाठी भारतीय मानकांप्रमाणे प्रथम कोन पद्धत शिकवली जाते, अमेरिकेत तृतीय कोन. दोन्हींत वरून दिसणाऱ्या चित्राची जागा उलटते, आणि परदेशी निर्मितीसाठी काम करणाऱ्याने कागदाच्या तळाशी असलेली पद्धतीची खूण न पाहता वस्तू बनवली तर ती आरशातली बनते.

प्रमाण हुकलं की काय होतं, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण रॉक संगीतातलं आहे. १९८४ च्या 'धिस इज स्पायनल टॅप' या विनोदी चित्रपटात बँडला मंचावर स्टोनहेंजची प्रतिकृती हवी असते. नॅपकिनवर काढलेल्या चित्रात फुटांच्या खुणेऐवजी इंचांची खूण पडते आणि मंचावर अवतरतो अठरा इंचांचा दगड. खऱ्या आयुष्यात ब्लॅक सॅबथ या बँडने १९८३ च्या दौऱ्यासाठी स्टोनहेंज बनवून घेतलं, तेव्हा झालं नेमकं उलट. फुटांच्या जागी मीटर गेले आणि सेट बहुतेक सभागृहांत मावेना, असं बँडमधल्यांनीच पुढे सांगितलं आहे.

सिडनी ऑपेरा हाऊसची कथा यापेक्षा गंभीर आहे. वास्तुकार योर्न उत्झोन यांनी १९५७ मध्ये स्पर्धा जिंकली ती झपाट्याने काढलेल्या, विलक्षण सुंदर चित्रांवर. शिडांसारखं छत नेमकं कोणत्या भूमितीचं, हे त्या चित्रांत नव्हतं. १९५९ मध्ये बांधकाम सुरू झालं तेव्हाही ते ठरलं नव्हतं. १९६१ च्या सुमारास उत्तर सापडलं: सगळी शिडं सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापून काढायची. म्हणजे वेगवेगळे दिसणारे तुकडे मोजक्याच साच्यांत ओतता येतात. इमारत १९७३ मध्ये खुली झाली. मधल्या काळात उत्झोन काम सोडून निघून गेले होते आणि खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला होता. आधी भूमिती ठरवायची हा नियम पाळूनच चाललं असतं तर ती इमारत उभीच राहिली नसती, असं म्हणणारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्या छताचं आजचं रूप एका भूमितीच्या निर्णयातून आलं आहे. पहिल्या स्केचमधली शिडं याहून सपाट, सैल होती.

दागिन्यांत मापाचे असेच निर्णय मिलिमीटरच्या दशांशात घ्यावे लागतात. ओतकामात धातू निवताना आकसतो, म्हणून अंगठीचा साचा हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा काढावा लागतो. तयार कपड्यांत डिझायनरचं लांब मानेच्या मुलीचं चित्र कारखान्यात कामाला येत नाही. तिथे शर्ट जमिनीवर पसरल्यासारखा सपाट काढतात, आणि कॉलरची उंची, बटणांमधलं अंतर, शिलाईची जागा आणि प्रत्येक मापात किती फरक चालेल हे आकड्यांत लिहितात.

शेवटी उरतो तो कागदाच्या उजव्या कोपऱ्यातला चौकोन, जो विद्यार्थी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत घाईने भरतात. नाव, प्रमाण, एकक, तारीख, सुधारणा क्रमांक. सेटचं ड्रॉइंग पाच-सहा वेळा बदलतं आणि प्रत्येक वेळी नवी प्रिंट वर्कशॉपला जाते. जुनी मात्र भिंतीवर तशीच चिकटलेली राहते, कारण ती काढणं हे कुणाचंच काम नसतं. खिडकी सहा इंच डावीकडे सरकल्याचं दिग्दर्शकाला माहीत असतं, नेपथ्यकाराला माहीत असतं, प्रकाशयोजनाकारालाही माहीत असतं. मिस्त्री भिंतीवरचा कागद पाहून कापत असतो.