निवड, संमती आणि न्याय

मानवी संशोधनाच्या नैतिकतेची चर्चा बहुधा ‘संमती’ या संकल्पनेभोवती फिरते. माहिती दिली, होकार मिळाला, की संशोधकाचे उत्तरदायित्व संपले, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः होकारापूर्वीच कोणाला बोलवायचे आणि कोणत्या शब्दांत, हे ठरलेले असते. नैतिक प्रश्नाचा आरंभ तेथे होतो.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ साली शासकीय आरोग्यसेवेने उपदंशाचा अभ्यास आरंभिला. त्यासाठी सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले गेले. त्यांपैकी ३९९ रोगग्रस्त होते. बहुतेक जण दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे, गरीब. त्यांना रोगाचे नाव सांगितले गेले नाही. ‘दूषित रक्त’ हा बोलीतला संदिग्ध शब्द पुरेसा मानला गेला. पाठीच्या कण्यातून द्रव काढण्याच्या वेदनादायक तपासणीला ‘विशेष विनामूल्य उपचार’ म्हटले गेले. जेवण, तपासणी आणि दफनाचा खर्च ही प्रलोभने होती. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. वृत्तपत्रांतून वाच्यता झाल्यावर १९७२ साली हा अभ्यास थांबला.

त्या भागात रोगाचे प्रमाण अधिक होते, म्हणून ही निवड शास्त्रीयच होती, असा युक्तिवाद संभवतो. परंतु रोगाच्या आधिक्याने तेथे उपचार करण्याचे कारण सिद्ध होते. उपचार नाकारण्याचे नव्हे. १९७९ च्या बेल्मॉन्ट अहवालाने व्यक्तीविषयी आदर आणि हितसाधन यांच्या जोडीला न्याय हे तत्त्व मांडले, आणि सहभागींची निवड या तिसऱ्या तत्त्वाखाली आणली. माणूस सहज सापडतो किंवा सहज वळवता येतो, एवढ्याने तो निवडीस पात्र ठरत नाही.

अर्थात, दुर्बलांना वगळणे म्हणजेच न्याय, असेही नाही. अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने १९७७ साली गर्भधारणाक्षम स्त्रियांना प्रारंभिक औषधचाचण्यांतून वगळण्याची शिफारस केली. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा, की जी औषधे पुढे स्त्रियाही घेणार, त्यांविषयीचे ज्ञान पुरुषदेहावरून घडत राहिले. १९९३ साली ती शिफारस मागे घेण्यात आली.

आवाहन हीही एक संहिताच होय, आणि प्रत्येक संहितेला आपला अभिप्रेत वाचक असतो. टस्कीगीच्या संहितेने प्रश्न न विचारणारा वाचक कल्पिला होता. नकार देऊ शकणारा वाचक ज्या आवाहनाने कल्पिलेला नाही, त्याला मिळालेल्या होकारास संमती म्हणता येणार नाही.