तळ्याकाठचा वाफा

 

मार्च लागला की इथे ब्रिटनमध्ये परसबागेची कामे सुरू होतात. ज्यांच्या बागेत छोटे तळे आहे, त्यांना मेथी-कोथिंबिरीचा वाफा त्याच्या काठालाच करावासा वाटतो. पाणी हाताशी, ऊनही चांगले. जरूर करा. पण त्या वाफ्यात आपले पहिले शील रोज तपासले जाते.

आधी उतार पाहा. वाफा वर आणि तळे खाली असेल, तर प्रत्येक पावसात खत तळ्यात उतरते. नायट्रोजन, फॉस्फरस मिळाले की शेवाळ माजते. ते मेले की कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि मासे, बेडकांची पिल्ले गुदमरतात. आम्ही संगणकवाले याला मूळ कारण शोधणे म्हणतो. तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद याहून वेगळे काय सांगतो? मारायचा हेतू नव्हता, हे खरे. कम्मात चेतना मुख्य, हेही खरे. पण कारण कळल्यावरही खत तसेच टाकत राहिलो, तर ते अजाणता घडले असे कसे म्हणणार? वाफा तळ्याच्या खालच्या अंगाला घ्या. जागा नसेल तर त्याला फळ्यांची कड करा आणि मध्ये गवताचा रुंद पट्टा राखा.

हा महिना आपल्याला महाडची आठवण देतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले. नंतर सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' करायला त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतले! माणसाच्या ओंजळीने पाणी बिघडत नाही, शेणाने बिघडते. हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? मग आपल्या तळ्यात शेणखत जाऊ देऊ नका.

आता पाणी घालण्याविषयी. जीव असलेले पाणी जाणूनबुजून गवतावर किंवा मातीवर ओतू नये, असा भिक्खूंसाठी विनयाचा नियम आहे. भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळायचे साधन असते. आपण उपासक, तो नियम आपल्यावर बंधनकारक नाही. तरी वसंतात झारी तळ्यात बुडवून वाफ्यावर उलटी केली, की बेडकांची पिल्लेही मातीत पडतात. त्यापेक्षा छपराचे पाणी पिंपात साठवा. तळ्यातूनच घ्यायचे तर जुन्या सुती कापडातून गाळा आणि कापड तळ्यातच झटका.

राहिल्या बिनशंखाच्या गोगलगायी. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बाहेर वापरायला ग्रेट ब्रिटनमध्ये ३१ मार्च २०२२ पासून बंदी आहे. शेडमध्ये जुना डबा पडला असेल तर मोरीत न ओतता कौन्सिलच्या कचरा केंद्रात विचारून द्या. गोगलगायी बेडूक खातात. (यात शील कोणाचे मोडले, असे मुले विचारतील. विचारू द्या.) त्या बेडकांना बाहेर यायला तळ्याच्या काठाशी उतरते दगड ठेवा, आणि जून-जुलैत तिथले गवत कापताना आधी हाताने चाळवून पाहा. पिल्ले नखाएवढीच असतात.

जयभीम.