द्यूत आणि मर्यादा

कार्तिक शुद्ध प्रतिपदेस आपण बलिप्रतिपदा म्हणतो. द्यूतप्रतिपदा हेही तिचेच एक नाव आहे. त्या दिवशी घरच्या मंडळींनी सोंगट्या अथवा पत्ते मांडून बसावे, ही रीत कित्येक घरांत चालत आलेली आहे. पण चार नाण्यांचा, आणि हरणारा व जिंकणारा एकाच पंक्तीस जेवणारे. त्यामुळे त्यात कोणास वावगे वाटत नाही. परंतु पट घराबाहेर गेला की त्याचे स्वरूप पालटते. जत्रेच्या गर्दीत, मटक्याच्या चिठ्ठीवर, मांडवीतील जहाजांवर जो खेळ चालतो, त्यात समोर बसलेला आप्त नसून व्यापारी असतो. अशा खेळात कोणी पडलाच, तर ‘निदान सांभाळून खेळ’ असे त्यास सांगणे धर्मास धरून होईल काय? की तो अधर्मास दिलेला रुकार ठरेल?

हा प्रश्न जुना आहे. मनुस्मृतीने राजास द्यूत राज्यातून नाहीसे करण्यास सांगितले. कौटिल्याने मात्र द्यूताध्यक्ष नेमून खेळ एकाच जागी आणावा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ घ्यावे, असे योजिले. आजचे कायदेही या दोन टोकांमध्ये हेलकावे खाताना दिसतात. गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ आणि १९९६ साली दुरुस्त्या होऊन कॅसिनोंस वाट मिळाली. २०२० साली गोमंतकीयांस तेथे खेळण्याची मनाई झाली. आणि २०२५ साली संसदेने मोबाइलवरील पैशाच्या खेळांस देशभर बंदी करणारा कायदा संमत केला. जेथे कायद्याची मनाई आहे तेथे पाऊल टाकूच नये, हा पहिला नियम होय. तथापि कायदा उंबरठ्यापर्यंत येतो. उंबरठ्याच्या आतले आपले आपणांसच पाहावे लागते.

या बाबतीत महाभारतातील सभापर्वाइतका स्पष्ट बोध अन्यत्र क्वचितच मिळेल. युधिष्ठिराने रत्ने, सुवर्ण, हत्ती-घोडे, राज्य आणि भाऊ एकामागून एक पणास लावले. मग स्वतःस लावले, आणि त्यानंतर द्रौपदीस. तेव्हा द्रौपदीने विचारले की, धर्मराज आधी स्वतःस हरले की मला? जो स्वतःसच हरला, त्यास दुसऱ्या कोणास पणास लावण्याचा अधिकार कोठून आला, हा त्या प्रश्नाचा रोख होता. भीष्मांसही त्याचे निश्चित उत्तर देता आले नाही.

आपल्या विषयाचे मर्म त्या प्रश्नात आहे. डावात रंगलेला मनुष्य स्वतःस केव्हाच हरलेला असतो. ‘आणखी एकच डाव’ हे बोल त्याचे नसून त्याच्या व्यसनाचे असतात. म्हणून मर्यादा पटावर बसल्यावर ठरविता येत नाही. ती घर सोडण्यापूर्वी, मन आपल्या ताब्यात असताना, ठरवावी लागते. धृतराष्ट्राने सर्व परत दिल्यावरही, पुन्हा बोलावणे येताच युधिष्ठिर माघारी फिरला आणि त्याच्या वाट्यास वनवास आला, हेही विसरू नये.

नलराजाने अक्षहृदय शिकून गेलेले राज्य परत जिंकले, असा दाखला कोणी देईल. आजच्या यंत्रांचे अक्षहृदय म्हणजे साधे अंकगणित आहे. रुलेटच्या एका प्रचलित चक्रास ३७ घरे असतात. प्रत्येक घरावर १०० रुपये लावले, तर ३,७०० रुपये जातात आणि मूळ रकमेसह ३,६०० परत येतात. उरलेले १०० रुपये चक्र मांडणाऱ्याचे! हा तोटा दैवाचा नसून रचनेचा आहे. शिवाय चक्रास मागचे डाव आठवत नाहीत. दहा वेळा हरलेल्यास अकराव्या वेळी ते झुकते माप देत नाही.

तेव्हा ज्यास खेळावयाचेच आहे, त्याने नाटकाच्या तिकिटास द्यावी तशी, गेली तरी घरखर्चास धक्का न लावणारी रक्कम रोख घेऊन जावे. बँकेचे कार्ड घरी ठेवावे. उठण्याची वेळ आधी ठरवून ती घरच्या कोणास सांगून ठेवावी. उसने पैसे कधीही लावू नयेत. मद्य घेतले असता, अथवा दुःखात व रागात असता, पटाजवळ जाऊ नये. गेलेले भरून काढण्यासाठी तर मुळीच बसू नये. आणि ज्या दिवशी हरलेली रक्कम पत्नीपासून लपवावीशी वाटेल, त्या दिवशी खेळ कायमचा सोडावा. कारण धोक्याची पहिली खूण तीच होय.

घरच्यांचे कर्तव्य दमयंतीने दाखविले आहे. नल ऐकत नाही असे दिसताच तिने वार्ष्णेय सारथ्याबरोबर मुलांस विदर्भात माहेरी पोहोचविले. तिने पतीचा त्याग केला नाही. परंतु जे पणास लागता कामा नये ते आधी सुरक्षित केले. मुलांच्या शिक्षणाची रक्कम, घराची कागदपत्रे आणि दागिने खेळणाऱ्याच्या हाताबाहेर ठेवणे, यात अविश्वास नाही. ती माया आहे. त्याचे कर्ज मात्र गुपचूप फेडून त्यास पुन्हा पटावर बसण्याची सोय करून देऊ नये.

हे व्यसन हा आजार आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणानेही मानले आहे. म्हणून लाज न बाळगता वैद्यकीय साहाय्य घ्यावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे.

न खेळणे हेच सर्वांत श्रेयस्कर, यात शंका नाही. परंतु मर्यादा सांगणे म्हणजे रुकार देणे नव्हे. पटावर बसलेल्याच्या मागे ज्यांनी कधी फासा हाती धरला नाही अशी माणसे उभी असतात. त्यांची संमती कोणी विचारलेली नसते, आणि त्यांच्यासाठीच मर्यादा सांगावी लागते. या प्रतिपदेस घरात पट मांडाल तेव्हा मुलांस द्रौपदीचा तो प्रश्न अवश्य सांगावा.